अथांग काळातल्या उत्क्रांतीवरच्या विज्ञानकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकारात नेमकं काय मोडतं?

जीवसृष्टी कशी बदलत गेली किंवा पुढे कशी बदलेल, हाच जिच्या कथानकाचा कणा आहे अशी कथा. नुसते डायनोसॉर दिसले म्हणून ती या प्रकारात येत नाही. माणसं कालयंत्रातून मागे गेली, पळापळ झाली, जीव वाचवून परत आली, तर ती साहसकथा. तीही छान असू शकते, पण तिथे काळाला काही काम नसतं. आपण ज्या कथांबद्दल बोलतोय त्यांत लाखो पिढ्या उलटल्याशिवाय जे घडूच शकत नाही, ते घडतं.

कोटी-कोटी वर्षांचे आकडे वाचकाच्या डोक्यावरून जातात. काळ जाणवून द्यायचा कसा?

पृथ्वीचं सगळं आयुष्य चोवीस तासांच्या घड्याळात बसवायची पद्धत आता फार वापरून झाली आहे. तिच्यात एक मूळचीच खोट आहे: ती काळ लहान करून दाखवते. वाचकाला मोठा काळ मोठाच वाटायला हवा. त्यापेक्षा एका सेकंदाला एक वर्ष या गतीने मागे मोजत जा. लिखित इतिहासाची पाच हजार वर्षं दीड तासाच्या आत संपतात. आपल्या प्रजातीची तीन लाख वर्षं मोजायला साडेतीन दिवस लागतात. डायनोसॉर संपले त्या क्षणापर्यंत पोचायला दोन वर्षं. आणि जीवसृष्टीचे बहुतेकांना मान्य असलेले सर्वांत जुने पुरावे सुमारे 350 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तिथवर पोचायला एकशे दहा वर्षं अखंड मोजावं लागेल. मोजणारा संपेल, मोजणी संपणार नाही.

तरीही आकडा तो आकडाच. कथेत काळ खरा जाणवतो तो आपण कायमची धरून चाललेली एखादी गोष्ट बदललेली दिसते तेव्हा. दिवसाची लांबी घ्या. भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचं फिरणं मंदावत चाललं आहे आणि चंद्र वर्षाला सुमारे 3.8 सेंटिमीटर लांब जातो आहे. प्रवाळ आपल्या सांगाड्यावर रोज चुन्याची एक अतिसूक्ष्म रेघ चढवतो आणि वर्षाच्या चक्राप्रमाणे या रेघांचे ठळक पट्टे तयार होतात. 1963 मध्ये जॉन वेल्स या अभ्यासकाने डेव्होनियन काळातल्या, म्हणजे 38 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रेघा मोजल्या. एका वर्षात त्या 365 नव्हत्या, सुमारे 400 होत्या. वर्ष तेवढंच, दिवस जास्त. म्हणजे एकेक दिवस बावीस तासांचा. हे वाचल्यावर ‘चाळीस कोटी वर्षांपूर्वी’ हे शब्द पूर्वीसारखे पोकळ राहत नाहीत. तुमच्या कथेला असा एखादा प्रवाळ शोधा.

लाखो वर्षांच्या कथेत नायक कोण?

सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. एक प्रजाती टिकते ती सर्वसाधारणपणे काही लाख ते काही दशलक्ष वर्षं. एक जीव तर काही दिवस किंवा काही वर्षं. वाचकाने जीव लावावा असं कुणीच फार वेळ टिकत नाही.

एक वाट म्हणजे वंशालाच नायक करणं. दर प्रकरणात नवा जीव, त्याच्या अंगात आधीच्या जिवाची एखादी खूण. दुसरी वाट निरीक्षकाची: न मरणारं यंत्र, दूरवरून पाहणारी बुद्धी, किंवा भविष्यातून मागे वळून सांगणारा इतिहासकार. 1930 साली ओलाफ स्टेपलडन यांनी ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’मध्ये ही वाट धरली. सुमारे दोनशे कोटी वर्षांत माणसाच्या एकामागून एक अठरा प्रजाती त्यांनी रंगवल्या, आणि व्यक्ती म्हणून लक्षात राहील असं त्यात जवळपास कुणीच नाही. तरी पुस्तक वाचून पोटात खड्डा पडतो. म्हणजे व्यक्तीविना हे साधतं, पण त्याला विलक्षण ताकद लागते.

माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे: जागेला नायक करा. एक किनारा निवडा. तो आधी समुद्राखाली, मग खाडी, मग वाळवंट, मग बर्फाखाली, मग पुन्हा पाण्यात. जीव येतात, जगतात, निघून जातात. जागा ओळखीची राहते आणि प्रत्येक वेळी अनोळखी होऊन भेटते. इथे वाचकाला पाय टेकायला काहीतरी मिळतं.

उत्क्रांती म्हणजे साध्यातून गुंतागुंतीकडे, खालून वर असा प्रवासच ना?

नाही. या एका समजुतीने या प्रकारातल्या जितक्या कथा बिघडल्या आहेत तितक्या दुसऱ्या कशानेच नाहीत.

टिक्टालिक या माशासारख्या प्राण्याचं उदाहरण घ्या. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर 2004 साली त्याचे जीवाश्म मिळाले, 2006 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. वय सुमारे 37.5 कोटी वर्षं. अंगावर खवले, पंखांसारखे पर, पण त्या परांच्या आत दंडाची, कोपराची, मनगटाची हाडं जुळावीत तशी हाडं. डोकं चपटं, डोळे वरच्या बाजूला, आणि माशांत नसते ती मान. आता बहुतेक कथांत हा प्राणी कसा येतो? जमिनीकडे आसुसून बघत, जणू कुणीतरी त्याला पुढची दिशा सांगून ठेवली आहे. पण टिक्टालिकला जमीन जिंकायची नव्हती. तो उथळ, गाळाने भरलेल्या पाण्यात राहत होता. तिथे तळावर रेटा देऊन अंग उचलणं, डोकं वळवून भक्ष्य पकडणं उपयोगाचं होतं. तो त्याच्या पाण्यात, त्याच्या दिवसात पुरा होता. मासे आणि जमिनीवरचे चौपाये यांच्या ‘मधला’ असं त्याला आपण म्हणतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे.

माझ्या मते या प्रकारच्या लेखनाची पहिली अट हीच: कथेत कोणताही जीव अर्धवट असता कामा नये. जो जगला, ज्याला पिल्लं झाली, तो त्या जगापुरता पूर्ण होता.

शिवाय प्रवास उलट्या दिशेनेही होतो. जेलीफिशच्या नात्यातले मिक्सोझोआ नावाचे परजीवी मोजक्या पेशींचे उरले आहेत. त्यांतल्या साल्मन माशात राहणाऱ्या एका जातीने तंतुकणिकेचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा, जनुकसंचही टाकून दिल्याचं 2020 मध्ये दिसून आलं. तिला प्राणवायू वापरणाऱ्या श्वसनाची गरजच राहिली नाही. कुत्र्यांत समागमातून पसरणारा एक कर्करोग आहे. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशी त्यात अजून एका कुत्र्यातून दुसऱ्यात जात जगत आहेत. एका सस्तन प्राण्याच्या पेशींनी शरीर सोडून परजीवी होऊन जगायचं, ही कल्पना कुठल्याही परग्रहावरच्या राक्षसापेक्षा थरारक आहे. यावर अजून कितीतरी कथा लिहिता येतील.

एकाच पिढीत मोठा बदल दाखवला तर चालेल?

पंख फुटलेलं पोर जन्मलं आणि त्याच्यापासून नवी प्रजाती सुरू झाली, असं नको. बदल पिढ्यांच्या गर्दीत पसरतो. एक अपवाद मात्र मनापासून सुचवावासा वाटतो: एका पेशीत दुसरी पेशी शिरणं आणि तिथेच राहणं. आपल्या पेशींतल्या तंतुकणिका एकेकाळी स्वतंत्र जीवाणू होत्या, हा विचार लिन मार्ग्युलिस यांनी 1967 च्या शोधनिबंधात ठामपणे मांडला आणि पुढे तो स्वीकारला गेला. ती भेट झाली नसती तर झाडं, बुरशी, प्राणी यांतलं काहीच नसतं. गिळायला गेला आणि पचवता आलं नाही, अशा एका क्षणावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर माणूस पुन्हा येईल?

दोन्ही बाजूंनी वजनदार पुरावे आहेत, आणि म्हणूनच कथाकाराला ही जागा सुपीक आहे.

एकीकडे पुनरावृत्ती. इक्थिओसॉर हा सरपटणारा प्राणी आणि डॉल्फिन हा सस्तन प्राणी यांचं नातं अगदी लांबचं, पण दोघांचा आकार सारखा, कारण पाणी कापायची युक्ती एकच. ऑक्टोपसचा डोळा आणि आपला डोळा स्वतंत्रपणे घडले, तरी दोन्हींत भिंग आहे, बुबुळ आहे, पडदा आहे. फरक एवढाच की ऑक्टोपसचे चेतातंतू पडद्यामागून जातात, त्यामुळे त्याला आपल्यासारखा अंधबिंदू नाही.

दुसरीकडे योगायोग. रिचर्ड लेन्स्की यांनी 1988 मध्ये ई. कोलाय जीवाणूंच्या एकसारख्या बारा वसाहती बारा चंबूंत वाढवायला घेतल्या. रोज थोडे जीवाणू नव्या द्रावात घालायचे, दर 500 पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. द्रावात ग्लुकोज कमी आणि सायट्रेट भरपूर. पण प्राणवायू असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही. वर्षानुवर्षं कुणालाच जमलं नाही. मग सुमारे 31,500 पिढ्यांनंतर बारांपैकी एका चंबूतलं पाणी अचानक जास्त गढूळ झालं. तिथल्या जीवाणूंना सायट्रेट खाता येऊ लागलं होतं आणि त्यांची संख्या भराभर वाढली होती. संशोधकांनी त्याच वसाहतीचे जुने गोठवलेले नमुने जिवंत केले आणि काळ पुन्हा चालू केला. ती करामत पुन्हा साधली, पण सुमारे 20,000 पिढ्यांच्या पुढच्या नमुन्यांतूनच. त्याआधी कधीतरी, कुणाच्या लक्षात न आलेला एखादा बदल झाला होता आणि त्याने वाट तयार करून ठेवली होती.

कथाकाराने यातून हे उचलावं: निर्णायक क्षण घडताना निर्णायक दिसत नाही. पहिल्या प्रकरणात एक क्षुल्लक, निरुपयोगी बदल पेरा. त्याचा उपयोग तीन प्रकरणांनंतर, लाखो वर्षांनंतर, वेगळ्याच वंशजाला होऊ दे.

माणसाबद्दल माझं मत विचाराल तर डोळे, पंख, माशाचा आकार हे पुन्हा पुन्हा येतील. माणूस मात्र एकदाच.

प्राण्याच्या नजरेतून लिहायचं, तर त्याला विचार करायला लावायचं का?

विचार नको, इंद्रियं द्या. ट्रायलोबाइट हा समुद्रतळावरचा, आता नामशेष झालेला कवचधारी प्राणी. त्याच्या डोळ्यांची भिंगं कॅल्साइटची होती, म्हणजे चुनखडकात असतं तेच खनिज. तो दगडातून जग बघत होता. तेही शेकडो भिंगांतून एकाच वेळी. वाढताना तो कवच टाकायचा आणि त्याबरोबर जुनी भिंगंही उतरायची. ट्रायलोबाइटचे पुष्कळ जीवाश्म म्हणजे अशी टाकलेली कवचंच आहेत. आता त्या घडीचं दृश्य लिहा: तळाचा चिखल, अंग मऊ पडलेलं, नवं कवच अजून घट्ट न झालेलं, वरून सरकणारी सावली, आणि गाळात रुतून निश्चल राहण्यापलीकडे हातात काही नाही. ‘त्याला भीती वाटली’ हे वाक्य लागतच नाही.

भूतकाळाचं दृश्य उभं करताना कुठे हमखास चुका होतात?

प्राण्यांपेक्षा जास्त चुका भोवतालात होतात.

गवत ही त्यांतली सर्वांत मोठी. विस्तीर्ण गवताळ मैदानं मुख्यतः गेल्या दोन-अडीच कोटी वर्षांतली आहेत. त्यामुळे हिरव्या कुरणात चरणारा डायनोसॉर दाखवू नये, असा सरळ नियम पूर्वी सांगता यायचा. मग महाराष्ट्रातल्या पिसदुरा इथे सापडलेल्या डायनोसॉरच्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाले. ते संशोधन 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा क्रेटेशियसच्या, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरीला झाडाझुडपांत थोडं गवत दाखवायला हरकत नाही. मैदानं मात्र नकोत.

त्याच्याही मागे जा. सुमारे 47 कोटी वर्षांपूर्वीच्या अलीकडे-पलीकडे जमिनीवर पहिल्या वनस्पती आल्या. त्याआधी डोंगर उघडे होते, आणि नद्यांचे काठ धरून ठेवायला मुळं नव्हती. त्यामुळे त्या काळच्या बऱ्याच नद्या आजच्यासारख्या वळणं घेत वाहत नसत. रुंद, उथळ, अनेक फाट्यांत विखुरलेल्या असत. नदीचं वळणसुद्धा काही अंशी झाडांची देणगी आहे! आणि 240 कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी गेलात तर हवेत प्राणवायू जवळजवळ नाहीच. कालप्रवाशाने मुखवटा काढला की कथा तिथेच संपते.

डायनोसॉरचे सगळे प्रकार एकत्र दाखवता येतात का?

नाही. स्टेगोसॉरस सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, टायरॅनोसॉरस 6.6 ते 6.8 कोटी वर्षांपूर्वीचा. टायरॅनोसॉरस स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा.

महाविलोपनाचं प्रकरण कसं लिहावं?

आघाताच्या क्षणावर सगळी शाई संपवू नका. 6.6 कोटी वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोत चिक्सुलुब इथे सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला. भारतात दख्खनच्या लाव्हाचे उद्रेकही त्याच सुमारास चालू होते. आग, लाटा, अंधार हे सगळे लिहितात. खडकांत मात्र पुढची गोष्ट नोंदली आहे: त्या सीमारेषेच्या लगेच वर अनेक ठिकाणी फुलझाडांचे परागकण घटतात आणि नेच्यांचे बीजाणू एकदम वाढतात. उजाड जमिनीवर आधी नेचे पसरले. राखेतून वर येणारी नेच्याची गुंडाळलेली पानं आणि खाली बिळात जागा झालेला छोटा सस्तन प्राणी, तिथून प्रकरण सुरू करा.

25.2 कोटी वर्षांपूर्वीचं पर्मियनचं महाविलोपन याहून भयंकर, आणि लिहायला जास्त कठीण. त्यात आघाताचा क्षणच नाही. सायबेरियातल्या ज्वालामुखींनी हजारो वर्षं हवा आणि समुद्र बिघडवत नेले. समुद्रातल्या दहापैकी आठ-नऊ प्रजाती गेल्या. त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षं जगात कोळसा बनल्याचं दिसत नाही, कारण दलदलीतली अरण्यंच उरली नव्हती. त्यात राहणाऱ्या कुठल्याही जिवाला आपण विलोपनात आहोत हे कळलं नसतं. त्याच्या जन्मापासून जग तसंच होतं. हे लिहायला जमलं तर त्यासारखं परिणामकारक दुसरं काही नाही.

भविष्यात किती पुढे जावं?

सूर्य आखून देतो तिथवर. 1895 च्या ‘द टाइम मशीन’मध्ये एच. जी. वेल्स यांनी प्रवाशाला तीन कोटींहून अधिक वर्षं पुढे नेलं आणि लाल, मावळतीला आलेला सूर्य दाखवला. आज ते फार जवळचं वाटतं, पण तेव्हा सूर्य आकुंचनातून उष्णता मिळवतो असं मानलं जाई आणि त्या हिशोबाने त्याचं आयुष्य काही कोटी वर्षांचंच निघे. लेखकाने आपल्या काळच्या विज्ञानाला प्रामाणिक राहून ते दृश्य लिहिलं, म्हणून ते अजून जिवंत आहे.

आजचा हिशोब असा: सुमारे 25 कोटी वर्षांत खंड पुन्हा एकत्र येतील. सूर्य दर शंभर कोटी वर्षांत साधारण दहा टक्क्यांनी प्रखर होतो. त्या उष्णतेने खडकांची झीज वाढते, हवेतला कार्बन डायऑक्साइड खडकांत अडकत जातो, आणि काही दशकोटी वर्षांत बहुतेक झाडांना तो पुरणार नाही. शंभर कोटींच्या आसपास महासागर टिकणं अवघड. सूर्य फुगायला अजून पाचशे कोटी वर्षं आहेत, पण जीवसृष्टीची गोष्ट त्याच्या खूप आधी संपते. झाडं उपासमारीने विरळ होत चाललेली पृथ्वी हा विषय मला आगीच्या गोळ्यापेक्षा फार मोठा वाटतो.

भविष्यातला माणूस मोठ्या डोक्याचा आणि काटकुळ्या अंगाचा दाखवावा का?

वापरल्याने अवयव वाढतो आणि ते पुढच्या पिढीत उतरतं, असं होत नाही. मोठ्या डोक्याच्या माणसांना जास्त मुलं का होतील, याचं उत्तर कथेत असेल तरच दाखवा. उत्क्रांती थांबलेली नाही: मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता काही मानवसमूहांत गेल्या दहा हजार वर्षांत पसरली.

आपल्याआधी कुणी प्रगत संस्कृती होऊन गेली, ही कल्पना विज्ञानाला धरून आहे?

तसा पुरावा नाही. पण ‘असती तर आपल्याला कळलं असतं का?’ हा प्रश्न गॅव्हिन श्मिट आणि अॅडम फ्रँक या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये गंभीरपणे तपासला. कोट्यवधी वर्षांनी इमारती, रस्ते उरत नाहीत. उरलाच तर गाळाचा एक पातळ थर, त्यात कार्बनच्या समस्थानिकांचं बदललेलं प्रमाण आणि तापमानवाढीच्या खुणा. 5.6 कोटी वर्षांपूर्वीच्या नैसर्गिक तापमानवाढीचा थर काहीसा असाच दिसतो. शहरांचे अवशेष शोधणाऱ्या नायकापेक्षा अशा थरासमोर हातोडी घेऊन बसलेली भूशास्त्रज्ञ मला जास्त भावते.

संशोधन बदललं की कथा बाद होते का?

हॅल्युसिजेनियाचं ऐका. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या या किड्यासारख्या प्राण्याची रचना 1977 मध्ये मांडली गेली तेव्हा तो काट्यांवर चालतो आणि पाठीवर मऊ सोंडा हलवतो असं वाटलं होतं. 1991 मध्ये कळलं की तो उलटा धरला होता. काटे पाठीवर, सोंडा म्हणजे पाय. मधल्या काळात लिहिलेली कथा खोटी ठरत नाही. तिच्यात तो प्राणी आपल्या जगात का आणि कसा जगतो हे नीट गुंफलेलं असेल, तर ती वाचली जाईल.

पहिली कथा लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

अब्जावधी वर्षं नकोत. एक वंश, एक अवयव घ्या. देवमाशांचा कान चांगला आहे; त्यांचा वंश जमिनीवरून पाण्यात गेला. सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा इंडोहायस हा हरणासारख्या बांध्याचा छोटा प्राणी होता. त्याचे जीवाश्म काश्मीर भागात मिळाले. त्याच्या कानाच्या हाडाची एक कड देवमाशांच्या कानासारखी जाड आहे. पाकिसेटस त्याच सुमाराचा, चार पायांवर चालणारा. मग अॅम्ब्युलोसेटस, मगरीसारखा पाण्यात दबा धरणारा. मग बॅसिलोसॉरस, पुरा समुद्रातला, पण गुडघा असलेले चिमुकले मागचे पाय अजून शाबूत.

चौघांचा एकेक दिवस लिहा, फक्त काय ऐकू येतं तेवढ्यावर. प्रत्येक दिवसाआधी एक यादी करा: त्या जगात तोवर काय आलेलं नाही. ती यादी कथेत छापायची नाही, पण ती शेजारी ठेवल्याशिवाय पहिलं वाक्य लिहू नका.